वाचायला छान, चालवताना घाम

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या फाशांच्या भूमिका-खेळासाठी छापलेल्या अ‍ॅडव्हेंचरचे वाचक दोन असतात आणि त्या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. पहिला रात्री अंथरुणावर पडून पुस्तक चाळतो. त्याला राजघराण्याचा शाप हवा असतो, बुडालेल्या शहराचा इतिहास हवा असतो, शेवटच्या प्रकरणात खलनायकाचं खरं रूप कळल्यावर ‘वा!’ म्हणायचं असतं. दुसरा टेबलाच्या टोकाला बसलेला असतो. समोर चार-पाच जण फासे घोळवत बसलेत आणि त्यातल्या एकीने आत्ताच विचारलंय, ‘दाराला कान लावला तर काय ऐकू येतं?’ याला उत्तर पाच सेकंदांत हवंय. पंचाईत अशी की बहुतेक वेळा हे दोघे म्हणजे एकच माणूस असतं. विकत घेताना ते पहिलं असतं, चालवताना दुसरं. आणि पैसे मोजते वेळी दुसऱ्याला कुणी विचारत नाही.

मी बरीच वर्षं डन्जन मास्टरच्या, म्हणजे डीएमच्या, खुर्चीत बसते आहे. स्वतः रचलेलं चालवायला मजा येते, पण तेवढा वेळ कुठून आणायचा? म्हणून बहुतेकदा छापील मॉड्यूलच (अ‍ॅडव्हेंचरचंच दुसरं नाव) उघडते. वाचताना जे आवडलं ते टेबलावर रंगेलच याची खात्री आता मी देत नाही. उलट वाचताना किराणा मालाच्या यादीसारखी रुक्ष वाटलेली कितीतरी पुस्तकं चालवताना बाजी मारून गेली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. उरलेलं सगळं जग, त्यातले राक्षस, राजे, दुकानदार, पाऊसपाणी, डीएमच्या हातात. पात्र काय करणार हे खेळाडू सांगतो, जमलं का हे फासे सांगतात, आणि त्यातून काय झालं हे डीएम सांगतो. छापील अ‍ॅडव्हेंचर म्हणजे त्या डीएमला दिलेला ऐवज: नकाशे, खोल्या, माणसं, खजिना, भानगडी. यात नायक नसतात. ते कोण असतील, कसे वागतील, पहिल्याच खोलीत मरतील की राक्षसाशी दोस्ती करतील, हे लेखकाला लिहिताना ठाऊकच नसतं. एखाद्या कादंबरीकाराला असं लिहायला सांगितलं तर तो हात जोडेल. माझ्या मते वाईट मॉड्यूलमधले निम्म्याहून अधिक दोष इथूनच निघतात. लेखकाला हे न ठाऊक असणं सोसत नाही. मग तो नायकांच्या वतीने ठरवायला लागतो.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं. तेव्हा प्रत्येक डीएम आपापली गुहा आपणच आखणार असंच गृहीत होतं. १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीत आर्नेसनचं बेडकाचं देऊळ (‘टेम्पल ऑफ द फ्रॉग’) हे अ‍ॅडव्हेंचर छापलं गेलं, १९७६ मध्ये ‘पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन’ स्वतंत्रपणे निघालं, आणि १९७८ पासून खेळाची प्रकाशक असलेल्या टीएसआर कंपनीने स्वतःची मॉड्यूलं काढायला सुरुवात केली. त्या सुरुवातीच्या मॉड्यूलांपैकी बरीच मुळात स्पर्धांसाठी लिहिलेली होती. ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७८ साली छापलं गेलं, पण ते त्याआधी, १९७५ च्या ओरिजिन्स मेळाव्यात, स्पर्धा म्हणून खेळवलं गेलं होतं. स्पर्धेत एकाच वेळी अनेक टेबलं असतात, वेळ ठरलेला असतो, कोण किती पुढे गेलं याचे गुण द्यायचे असतात. म्हणजे सगळ्यांना तीच खोली, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत भेटली पाहिजे. एकामागून एक येणाऱ्या खोल्या आणि चौकटीत छापलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं वर्णन या दोन्ही गोष्टींना त्या जगात चोख कारण होतं. स्पर्धा मागे पडल्या. सवयी मात्र राहिल्या, आणि आज घरच्या टेबलावर त्यांचं काय काम आहे हे कुणी विचारत नाही.

चौकटीतल्या मजकुरावर माझा राग आहे हे आधीच सांगून टाकते. चार ओळी असतील तर ठीक. पण पानभर मजकूर डीएम वाचू लागली की तिसऱ्या वाक्याला कुणीतरी फाशांचा मनोरा रचायला घेतं. त्याहून वाईट म्हणजे ‘तुमच्या अंगावर काटा येतो, तुम्ही भीतीने मागे सरकता’. मी का सरकेन? माझा योद्धा आजवर कशालाही घाबरलेला नाही, आणि घाबरायचं की नाही हे ठरवणं एवढंच तर माझ्या हातात होतं. आणखी एक प्रकार: छान मोठं वर्णन, झुंबर, गालिचा, तसबिरी, आणि शेवटच्या वाक्यात ‘आणि समोर एक ड्रॅगन बसलेला आहे’. दार उघडणाऱ्या माणसाला आधी गालिचा दिसला?

खोली कशी लिहावी हे एकदा जवळून बघू. मी दोन्ही नमुने स्वतःच रचते, म्हणजे कुणाला टोचायला नको. पहिला असा:

‘१४. जुनी प्रार्थनाशाळा. तीन शतकांपूर्वी धर्मगुरू ओल्वेन याने आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली. दोघा भावांत बालपणापासून वितुष्ट होतं आणि त्याचं मूळ त्यांच्या आईच्या मृत्युपत्रात होतं...’

असे चार परिच्छेद. आईचं मृत्युपत्र, भावाचं आजारपण, ओल्वेनचा पश्चात्ताप. पाचव्या परिच्छेदाच्या मध्यावर: ‘सध्या इथे चार भुकेले घूल राहतात. दार उघडताच ते हल्ला करतात.’ तोवर खेळाडूंनी दार उघडलेलं असतं, डीएम ओल्वेनच्या आईपाशी असते, आणि घूल (प्रेतं खाणारे राक्षस) आहेत हे कळल्यावर ती म्हणते, ‘थांबा, थांबा, त्याआधी तुम्हाला वास आला असणार.’

आता दुसरा:

‘१४. प्रार्थनाशाळा. बाहेरूनच कुजक्या मांसाचा वास, हाडं चावल्याचा आवाज. आत अंधार. चार घूल, दाराकडे पाठ, एका ताज्या प्रेतावर तुटून पडलेले. कुणी डिवचलं नाही तर खाणं सोडत नाहीत. प्रेत: कालपासून बेपत्ता असलेला वाटाड्या, कमरेला तळघराची किल्ली. वेदीवर दोन भावांचा पुतळा. एकाचं तोंड छिन्नीने उडवलेलं.’

आकाराने पावपट. दाराबाहेर काय कळतं ते आधी, दार उघडल्यावर जे दिसतं ते नंतर, शोधलं तर जे सापडतं ते शेवटी. घूल काहीतरी करताहेत, त्यामुळे पाऊल न वाजवता मागे फिरता येतं, किल्लीसाठी धोका पत्करता येतो, दुसरीकडे मांस टाकून त्यांना हलवता येतं. ओल्वेनची तीनशे वर्षं त्या उडवलेल्या तोंडात मावली आहेत. खेळाडू ते बघतात, हात लावतात, ‘हे कुणी केलं असेल?’ म्हणून विचारतात. पहिल्या नमुन्यातला इतिहास फक्त डीएमला कळणार होता. खेळाडूंपर्यंत पोचायची त्याला वाटच नव्हती. अशी वाट नसलेला इतिहास पुस्तकात जितका जास्त, तितकी ते वाचून ‘केवढं समृद्ध जग!’ म्हणणाऱ्यांची संख्या जास्त. ही तक्रार नाही, धंद्याचं गणित आहे.

आता एक जुनं, खरं उदाहरण, कारण त्याच्याइतकं थोडक्यात काम केलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. गायगॅक्सचं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. नवख्यांसाठीच्या बेसिक सेटच्या डब्यातून घरोघर गेलेलं मॉड्यूल. एक गढी, बाहेर रान, आणि एका घळीत गुहाच गुहा. प्रत्येक गुहेत वेगळी टोळी. गॉब्लिनांच्या, म्हणजे बुटक्या राक्षसांच्या, गुहेशेजारी एक ओग्र, म्हणजे धिप्पाड राक्षस, राहतो. तो गॉब्लिनांचा भाडोत्री. हल्ला झाला की गॉब्लिन त्याच्याकडे अडीचशे सोन्याच्या नाण्यांची थैली फेकतात आणि तो गदा घेऊन येतो. इथवर हा नुसता आणखी एक राक्षस आहे. पण पुढचं वाक्य असं की कुणी त्याला याहून जास्त रक्कम देऊ केली, आणि ती त्याला डोळ्यांनी बघता, हाताने चाचपता आली, तर नव्वद टक्के शक्यता आहे की तो ते पैसे घेईल, गॉब्लिनांचे पैसेही ठेवून घेईल, आणि आपल्या बिळात परत जाईल.

या दोन-तीन ओळींत काय काय बसलंय बघा. त्याला काय हवंय ते कळलं. तो कसा माणूस आहे (माणूसच म्हणायला हवं) ते कळलं: रोकडा, संशयी, वचनाची फिकीर नसलेला. खेळाडूंना तलवारीखेरीज एक मार्ग मिळाला. आणि लेखकाने शेवट लिहिला नाही. आमच्या टेबलावर थैली पडल्याचा खणखणाट ऐकून चोराचं पात्र खेळणारी एकदम म्हणाली, ‘अगं, थांब! किती दिले त्यांनी? आपण जास्त देऊ.’ सगळ्यांनी आपापली पिशवी उलटी केली. ओग्रने नाणी दाताखाली धरून बघितली, दोन्ही थैल्या काखोटीला मारल्या आणि निघून गेला. गॉब्लिनांचे चेहरे मला वर्णन करून सांगावे लागले नाहीत. पुढे कित्येक सत्रं ‘आपला ओग्र’ म्हणून त्याच्याकडे खेपा चालू होत्या. यातलं काहीही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण पुस्तकाशिवाय हे घडलंही नसतं.

त्याच पुस्तकात गढीतल्या लोकांना नावं नाहीत. सरायवाल्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) आहेत, नाव नाही. खेळाडू सगळ्यात आधी नाव विचारतात. एकमेकांचे जन्मजात वैरी हाकेच्या अंतरावर शेजारी-शेजारी राहताहेत ते का, याचंही धड उत्तर मिळत नाही. पण हे दोष डीएमला पेन्सिलने भरून काढता येतात. ओग्र नसता तर तो मला सुचला असता का, शंकाच आहे.

हीच युक्ती नव्यातही दिसते. २०१४ च्या स्टार्टर सेटमधल्या ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्वर’मध्ये पहिल्याच गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन एका कैद्याला कड्याच्या टोकावर धरून उभा राहतो आणि सौदा मांडतो: आमच्या म्होरक्याला, क्लार्गला, मारा, मग हा तुमचा. त्याला क्लार्गची जागा हवी आहे. नवख्या डीएमच्या हाती पहिल्याच संध्याकाळी शत्रूशी बोलण्याचं कारण येतं. नियमांच्या पुस्तकातली शंभर पानं जे शिकवत नाहीत ते हा एक गॉब्लिन शिकवतो.

नकाशाचंही असंच. वाचणारा नकाशाकडे चित्र म्हणून बघतो. चालवणाऱ्याला त्यात वाटा मोजायच्या असतात. जेनेल जॅक्वेज यांचं ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’, १९७९ चं, जजेस गिल्डने काढलेलं. त्यात आत शिरायला एकाहून जास्त तोंडं आहेत, खाली उतरायला अनेक जिने, काही उघड, काही लपलेले, आणि वाटा फिरून एकमेकींना मिळतात. आत सरड्यासारखी माणसं आहेत, पशुमाणसं आहेत, मृत्यूच्या देवाचे भक्त आहेत, आणि त्यांचं एकमेकांत जुळत नाही. याचा परिणाम असा की खेळाडू वळसा घालू शकतात, पळू शकतात, मागून येऊ शकतात, आणि राक्षससुद्धा हे सगळं करू शकतात. पाठलाग रंगायला गोल वाट लागते. सरळ बोळात पाठलाग म्हणजे शर्यत. आणि ज्या डन्जनमध्ये, म्हणजे भुयारात, खोली एकनंतर दोन, दोननंतर तीन, तिथे ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. दार एकच आहे. काय करणार, उघडणार.

इथून आपण रेलरोडिंगकडे, म्हणजे खेळाडूंना ठरलेल्या रुळावरून ओढत नेण्याकडे, आलोच. यावर इतकं बोललं गेलंय की मी फार रेंगाळणार नाही, पण एक जोडी मला नेहमी बघावीशी वाटते. ट्रेसी हिकमनने पत्नी लॉरा हिच्यासोबत लिहिलेलं ‘रेव्हनलॉफ्ट’ १९८३ साली आलं, आणि त्याच ट्रेसीच्या हातून १९८४ मध्ये ड्रॅगनलान्स मालिकेचं पहिलं मॉड्यूल आलं. दोन्ही प्रचंड गाजली. ड्रॅगनलान्समध्ये युद्धाची मोठी कथा पुढे न्यायची होती, नायक तयार करून दिलेले होते, आणि महत्त्वाची पात्रं भलत्याच वेळी मेली तर पंचाईत. म्हणून नियमच दिला की अशा पात्राचा मृत्यू शक्यतो असा घडवावा की प्रेत सापडू नये, म्हणजे पुढच्या भागात त्याला परत आणता येईल. वाचताना हे हुशारीचं वाटतं. टेबलावर मात्र खेळाडूंनी जिवावर उदार होऊन ज्याला दरीत ढकललं, तो पुढच्या महिन्यात धूळ झटकत हजर होतो. एकदा चालतं. दुसऱ्यांदा खेळाडू दरीकडे बघतसुद्धा नाहीत.

‘रेव्हनलॉफ्ट’मध्येही कथा आहे, चांगली गडद, रडवी. पण तिला क्रम नाही. स्ट्राड नावाचा व्हॅम्पायर आहे, त्याचा किल्ला आहे, त्याला काहीतरी हवं आहे. त्याला काय हवं आहे आणि त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत, हे पत्ते पिसून ठरतं. जिप्सी म्हातारी खेळाडूंसमोरच पत्ते मांडते, म्हणजे यंत्रणा आणि प्रसंग एकच. खेळाडूंना भविष्य कळतं, डीएमला मांडणी कळते, आणि दुसऱ्यांदा खेळताना सगळं बदललेलं असतं. बाकी किल्लाभर कुठूनही कुठेही जा. स्ट्राड वाट बघत एका खोलीत बसून राहत नाही, त्याला वाटेल तेव्हा तो येतो. दोन्ही पुस्तकांमागे तोच ट्रेसी आहे. त्यामुळे ‘कथा हवी की स्वातंत्र्य’ हा वाद मला पोकळ वाटत आला आहे. स्ट्राडची कथा घडून गेलेली आहे, तिचे परिणाम आता किल्ल्यात फिरताहेत. ड्रॅगनलान्सची कथा अजून घडायची आहे, आणि ती कशी घडणार हे आधीच छापून झालंय.

सापळ्यांबद्दल बोलायला मला फार आवडतं. ‘टूम ऑफ हॉरर्स’मधलं हिरवं राक्षसी तोंड हे या छंदातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध चित्र असेल. बोळाच्या टोकाला भिंतीवर मोठा थोरला चेहरा, तोंड उघडं, आत काळामिट्ट अंधार. त्या अंधारात जो शिरतो तो संपला. सेव्ह (फासा टाकून वाचायची संधी) नाही, प्रेत नाही, काही नाही. स्पर्धेच्या हिशोबाने हे ठीक होतं, तिथे कोण किती सावध आहे हेच मोजायचं होतं, आणि आधी काठी घालून बघणाऱ्याची फक्त काठी जाते. पण त्याची नक्कल करणाऱ्यांनी चेहरा टाकला आणि मरण तेवढं ठेवलं. बोळात चालताना फरशी खचते, फासे टाका, इतके हिट पॉइंट वजा. कशामुळे? काय केलं असतं तर टळलं असतं? उत्तर नाही. त्यातून खेळाडू एकच गोष्ट शिकतात: प्रत्येक फरशी दहा फुटी काठीने ठोकत चालायचं. मग सत्र संपतं आणि बोळ संपलेला नसतो.

याच्या उलट ‘टूम ऑफ द सर्पंट किंग्ज’. स्केर्पल्स या टोपणनावाने लिहिणाऱ्याने २०१७ मध्ये फुकट दिलेलं, मुद्दाम शिकवण्यासाठी रचलेलं डन्जन. सुरुवातीच्या कोठड्यांत मातीचे, आतून पोकळ सर्पमानवाचे पुतळे. फोडले तर आत सोनं, पण विषारी वायूही. एक फोडला की पुढच्या कोठडीत काय करायचं हे खेळाडूंना कळतं: दुरून दगड मारायचा, श्वास रोखून धरायचा. मग एक दार येतं. त्याला जडशीळ दगडी अडसर, लोखंडी खुंट्यांवर टेकलेला. अडसर उचलला की खुंट्या सुटतात आणि छतातून दगडी हातोडा खाली येतो. मरणच, पण लपवलेलं नाही. एवढा जड अडसर आतल्या कुणाला तरी कोंडण्यासाठी आहे की बाहेरच्याला फसवण्यासाठी, असा विचार करायला जागा आहे. खुंट्या बघता येतात, छत बघता येतं. आणि हाच हातोडा नंतर खेळाडू दुसऱ्या कुणावर तरी वापरू शकतात. माझ्या टेबलावर तो वापरला गेला आहे, आणि ज्याच्यावर वापरला गेला त्याची मला अजून दया येते. प्रत्येक खोलीतून काय शिकायला मिळतं हेही लेखक डीएमला सरळ सांगतो, आणि नंतरच्या खोल्या त्या शिकवणीवर प्रश्न विचारतात.

रहस्यकथेच्या मॉड्यूलांत याच आजाराचा दुसरा प्रकार दिसतो. पुढे जायला एकच धागा, तो एकाच खोलीत, आणि तो सापडायला वीस बाजूंचा फासा पंधराच्या वर पडायला हवा. पडला नाही. आता? सगळे एकमेकांकडे बघतात आणि डीएम म्हणते, ‘बरं, परत एकदा शोधता का?’ जस्टिन अलेक्झांडरने २००८ साली मांडलेला नियम आता बहुतेकांना तोंडपाठ आहे: जो निष्कर्ष निघायलाच हवा, त्याच्यासाठी किमान तीन धागे ठेवा. इतकी साधी गोष्ट, तरी नवीन पुस्तकांतसुद्धा एका धाग्यावर अख्खं प्रकरण लटकलेलं सापडतं. वाचताना ते खुपत नाही, कारण वाचणाऱ्याला तो धागा नेहमीच सापडतो. पान उलटलं की झालं.

मदतनीस महापुरुष हाही एक जुना दोष. डग्लस नाइल्सचं १९८२ चं ‘अगेन्स्ट द कल्ट ऑफ द रेप्टाइल गॉड’ मला मनापासून आवडतं. ऑर्लेन गावात कोण आपलं आणि कोण त्या पंथाच्या ताब्यात गेलेलं हे कळत नाही, आणि साधी चौकशी करतानासुद्धा घशाला कोरड पडते. पण शेवटचा शत्रू पहिल्या ते तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांना झेपणारा नाही, म्हणून गावातला म्हातारा जादूगार त्यांच्यासोबत दिलेला आहे. म्हणजे शेवटी डीएमचं पात्र डीएमच्या पात्राशी लढतं आणि बाकीचे बघतात. दोन तृतीयांश पुस्तक सोन्यासारखं आणि शेवट असा.

पानांच्या मांडणीत गेल्या काही वर्षांत मोठा फरक पडला. गॅव्हिन नॉर्मनचं २०१९ चं ‘विंटर्स डॉटर’ उघडून बघा: प्रत्येक खोलीत ठळक अक्षरांत जे दिसतं ते, त्यापुढे कंसात दोन शब्द, खाली ‘हात लावला तर’, ‘आत डोकावलं तर’. मान वर करून, परत खाली घालून, बोट ठेवून वाचता येतं. चालवणाऱ्याची काळजी घेतलेली पुस्तकं अशी असतात. पण याचीही आता फॅशन झाली आहे. तुटक शब्द, ठळक अक्षरं, सुंदर चित्रं, आणि कुणाला काही नकोय. खोलीत आरशांचं झाड आहे, झाडावर रडणारे पक्षी आहेत. बरं मग? पक्ष्यांना काय हवंय, झाड तोडलं तर कोण चिडेल, याचा पत्ता नाही. हेसुद्धा पडून वाचायचंच पुस्तक, फक्त कपडे बदललेले.

कुणीतरी हे खरंच चालवून बघितलंय का, हे ओळखायची माझी एक चाचणी आहे, ती म्हणजे आवाज. खोली चारमध्ये लढाई चाललीय, ढाली आपटताहेत, कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय, आणि भिंतीपलीकडे खोली पाचमधले सहा ऑर्क राक्षस शांतपणे पत्ते खेळताहेत. कुणी त्यांच्या खोलीचं दार उघडेपर्यंत ते खेळतच राहणार. ज्याने एकदा जरी ही खोली टेबलावर चालवली असेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारलेलं असतं, ‘बाकीच्यांना ऐकू गेलं नाही का?’ आणि मग तो ते पुस्तकात लिहितो. फॅन्डेल्वरच्या त्या पहिल्या गुहेत सुरुवातीलाच सांगितलंय की वाहत्या पाण्याच्या आवाजात बाकीचे आवाज दबून जातात. एक वाक्य, पण त्यामागे कुणाच्या तरी टेबलावरची भांडणं असणार.

परीक्षणं वाचताना मी हेच शोधते. परीक्षकाने चित्रांची, कागदाची, विश्वरचनेची स्तुती केली की मी पुढे सरकते. त्याच्या खेळाडूंनी तिसऱ्या खोलीत काय उपद्व्याप केला आणि पुस्तकाने त्याला कशी साथ दिली किंवा दिली नाही, असं कुठे दिसलं तर ते परीक्षण शिव्यांनी भरलेलं असलं तरी पुस्तक मागवते. आणि आल्यावर इतिहासाचं प्रकरण सोडून सरळ नकाशावर जाते, त्याची प्रत काढते, आणि कुठल्या खोलीतला आवाज कुठवर पोचतो ते पेन्सिलने त्यावर लिहायला घेते.